कथाकाव्यात सांगणारा नेमका कोण? (वाचनकट्ट्यासाठी मदत हवी)

कोपरीकट्टा (ठाणे पूर्व)

आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्याने पुढची बैठक कथाकाव्याला द्यायचं ठरवलंय. वेळ सव्वा तास. माणसं पंधरा-वीस, निम्मी निवृत्त, चार-पाच अकरावी-बारावीची मुलं. निवड अशी आहे: रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती आख्यानातला हंसाचा प्रसंग, गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला', कुसुमाग्रजांची 'कणा' आणि गीतरामायणातली दोन-तीन पदं. शेवटी १८५३ मध्ये ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीवर सगळ्यांनी मिळून एक छोटं कथाकाव्य रचायचा बेत आहे.

अडचण अशी की कुठलीही कविता घेतली तरी "कवीला इथे असं वाटतं" यापुढे चर्चा सरकत नाही. कवी, निवेदक आणि पात्र ही तीन वेगळी माणसं आहेत हे कसं दाखवायचं? मुलांना व्याख्या पाठ आहेत, पण ओळ समोर ठेवली की गोंधळ. जुन्या काव्यात तर बोलणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हेच कळत नाही. शिवाय मोठ्याने वाचताना आवाज किती वापरायचे?

शास्त्र थोडंच सांगा. कागद-पेन्सिल घेऊन करता येईल असं काही असेल तर उत्तम.

---

ओवीछंद (नौपाडा)

व्याख्या बाजूलाच ठेवा. कवितेची प्रत दुप्पट अंतर सोडून छापा आणि प्रत्येक कडव्याच्या समासात चार प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा. हे कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? घटना घडून किती वेळाने बोलतंय? आणि याला हे सगळं कळलं कसं? पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात. खरी मेख शेवटच्या दोनांत आहे.

महाभारतच घ्या. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती शौनकादी ऋषींना सांगतोय. तो जे सांगतो ते वैशंपायनांनी जनमेजयाला सर्पसत्रात सांगितलेलं. त्याच्याही पोटात युद्धाची हकिगत संजय धृतराष्ट्राला सांगतो. एकात एक असे तीन निवेदक. यातल्या संजयाला दिव्यदृष्टी कशासाठी लागली? कारण "तुला कसं कळलं?" हा प्रश्न हस्तिनापुरातल्या राजवाड्यात कुणीतरी विचारणारच. कथेने त्याची सोय आधीच करून ठेवली.

आता तिसरा प्रश्न. संजय युद्धाचं जणू धावतं समालोचन करत होता, असं टीव्हीमुळे बहुतेकांच्या डोक्यात बसलंय. मूळ भीष्मपर्वात दहाव्या दिवशी भीष्म पडल्यावर संजय येऊन ती बातमी देतो आणि मग मागे जाऊन पहिल्यापासून सांगतो. गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र 'किमकुर्वत' असं भूतकाळात विचारतो. म्हणजे अर्जुन धनुष्य टाकून बसला हे ऐकताना धृतराष्ट्राला पुढे काय झालं याचा निम्मा निकाल ठाऊक आहे. तोच श्लोक, पण ऐकणाऱ्याची ही स्थिती लक्षात घेतली की वेगळा वाटतो.

आता तुमचा हंस. नळ त्याला धरतो, बाकीचे पक्षी उडून जातात, तिथलं हे कडवं:

तदितर खग भेणें वेगळाले पळाले ।
उपवन-जल-केली जे कराया मिळाले ।
स्वजन गवसला जो त्याजपाशीं नसे तो ।
कठिण समय येतां कोण कामास येतो ॥

चौथी ओळ इतकी सुटी होऊन फिरते की ती कुठल्या काव्यातली हेही पुष्कळांना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं ते ती हंसाच्या तोंडी घालतात. पण हे कडवं निवेदकाचं आहे. 'पळाले', 'मिळाले' ही घडून गेलेली क्रिया तो सांगतो, पकडलेल्या हंसाला 'जो' म्हणून बाहेरून दाखवतो आणि शेवटच्या ओळीत एकदम 'येतो' या कायम लागू होणाऱ्या वर्तमानात उडी मारतो. विशेष घटनेवरून सर्वसाधारण विधान काढायचं, त्याला अलंकारशास्त्रात अर्थांतरन्यास म्हणतात. आख्यानकवी हे सतत करतात. निवेदक गोष्ट थांबवून श्रोत्यांकडे वळला, एवढं मुलांनी ओळखलं तरी पुरे.

आता पुढे या:

म्हातारी उडतां नयेचि तिजला माता मदीया अशी ।
कांता काय वदों नवप्रसव ते साता दिसांची जशी ।

'मदीया' म्हणजे माझी. इथे हंस बोलतोय आणि नळाशी बोलतोय. वृत्तही बदललंय, बोटांवर अक्षरं मोजून पाहा. वरचं कडवं मालिनी, ओळीला १५ अक्षरं, आठव्यावर यती (म्हणजे थांबा). हे शार्दूलविक्रीडित, १९ अक्षरं, यती बाराव्यावर. लांब ओळीत माणूस (इथे पक्षी) सविस्तर गाऱ्हाणं मांडू शकतो. मात्र वृत्त बदललं की बोलणारा बदलला असा नियम करू नका. प्रसंग किंवा भाव बदलला तरी कवी वृत्त बदलतात. वृत्त बदलेल तिथे थांबून पहिला प्रश्न पुन्हा विचारायचा, इतकंच.

इथे एक खुसखुशीत प्रश्न कट्ट्यावर टाका. म्हातारी आई आणि सात दिवसांची बाळंतीण हे हंस सांगतो. त्याला सुटका हवी आहे. निवेदकाने स्वतःच्या तोंडाने त्याला कुठे दुजोरा दिलाय का? शोधायला लावा. पात्राने सांगितलेलं आणि निवेदकाने सांगितलेलं यांचं वजन सारखं नसतं, हे व्याख्येपेक्षा या शोधातून लवकर समजतं.

संवाद कुठे संपतो ते कळत नाही, कारण पोथीत अवतरणचिन्हं नव्हतीच. दंड सोडला तर विरामचिन्हंही जवळजवळ नाहीत. छापील प्रतीतली चिन्हं संपादकाने घातलेली असतात आणि दोन संपादकांची जुळतीलच असं नाही. म्हणून चिन्हांऐवजी शब्दांकडे पाहा: 'म्हणे', 'वदे', 'बोले', 'येरू म्हणे' (दुसरा म्हणतो), 'तंव' (तेव्हा), 'मग'. 'म्हणे' आलं की पेन्सिलीने उघडता कंस, पुढे 'तंव' किंवा 'ऐसें' आलं की बंद करून अर्थ जुळतो का ते पाहायचं. आणि वेच्यांवर विसंबू नका. परशुरामतात्या गोडबोल्यांच्या 'नवनीत' या वेच्यांच्या संग्रहापासून (१८५४) आपण जुनं काव्य तुकड्यांनी वाचत आलो. तुकडा काढला की सर्वात आधी गहाळ होतो तो कोण कुणाला सांगतंय याचा संदर्भ. पूर्ण आख्यानाची प्रत मिळवा. ठाण्यात १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय असताना चौकशी तरी कराच.

---

नेरूळ_सेक्टर_दहा

ओवीछंद यांनी जुन्याचं सांगितलं, मी 'कणा'पुरतं लिहितो. ही कविता निवेदक शिकवायला फार सोयीची आहे, आणि ती जवळजवळ नेहमी चुकीची शिकवली जाते. "पूरग्रस्ताची जिद्द" एवढं फळ्यावर लिहून मोकळे.

पुरात संसार वाहून गेलेला जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो, एवढीच गोष्ट. चौदा ओळी. त्यातली पहिली हाकच आलेल्या माणसाची. तो कोण, हे निवेदक सांगत नाही, 'कोणी' म्हणतो. म्हणजे विद्यार्थ्याने ओळख विचारली आहे आणि सरांना ती पटलेली नाही, निदान त्या क्षणी तरी. निवेदकाच्या स्वतःच्या वाट्याला उण्यापुऱ्या साडेतीन ओळी येतात: सुरुवातीचं वर्णन आणि शेवटाकडे 'खिशाकडे हात जाताच' ही ओळ. बाकी सगळं त्या माणसाचं बोलणं.

आता पेन्सिल घेऊन निवेदकाच्या तोंडचा 'मी' शोधा. सापडणार नाही. 'खिशाकडे हात जाताच' यात हात कुणाचा ते लिहिलेलंच नाही. तो सरांचा आहे हे आपण पुढच्या 'पैसे नकोत सर' या बोलण्यावरून मागे जाऊन ठरवतो. सरांना काय वाटलं, दया आली की अवघडल्यासारखं झालं, एक अक्षर नाही. त्यांची एक हालचाल आहे, तीही चुकीची ठरते. आणि शेवटी त्या माणसाने जे मागितलं ते सरांनी दिलं की नाही? कविता मागण्यावर संपते. पाठीवर हात ठेवल्याचं कुठेही नाही. परीक्षेच्या उत्तरात "सरांनी त्याला धीर दिला" असं लिहिणारी मुलं सर्रास सापडतात. तो धीर वाचकाने पदरचा घातलेला आहे.

"कवीला वाटतं" हे वाक्य इथे टिकतच नाही, कारण सांगणारे सर आहेत, बोलणारा त्यांचा जुना विद्यार्थी आणि कवीने स्वतःकडे बोलायला काहीच ठेवलेलं नाही.

मराठीच्या व्याकरणात निवेदक पकडायच्या काही हुकमी जागा आहेत, त्याही मुलांना दाखवा.

'मी निघालो' की 'मी निघाले', इथे निवेदक पुरुष की बाई ते लगेच उघड होतं. 'मी बघतो', 'मी बघते' तसंच. पण 'मी पाहिलं', 'मी दार उघडलं' म्हटलं की क्रियापद कर्माप्रमाणे चालतं आणि बोलणाऱ्याचं लिंग झाकलं जातं. एखाद्या कवितेत 'मी' भरपूर आहे आणि तरी तो पुरुष की स्त्री कळत नाही, असं झालं तर सकर्मक भूतकाळ मोजा. तिथे ठरवून लपवाछपवी केलेली असू शकते.

'आपण' आणि 'आम्ही'. 'आपण लढलो' म्हणणारा निवेदक श्रोत्याला आपल्यात धरतो. 'आम्ही लढलो' म्हणणारा बाहेर ठेवतो. कडव्या-कडव्यात हे बदलत असेल तर निवेदकाची श्रोत्याशी जवळीक बदलते आहे.

वाक्याच्या शेवटी येणारं 'म्हणे'. 'राजा होता म्हणे.' इथे निवेदक हात झटकतो: मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. ओवीछंद यांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर हा एक शब्द देतो. जुन्या ओवीत 'म्हणे' म्हणजे 'म्हणतो', तिथे हा अर्थ लावू नका. मुलं हमखास लावतात.

---

वाघबीळ_वाचक

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण "कवी वेगळा, निवेदक वेगळा" हे इतकं सरसकट नको. समीक्षेच्या पुस्तकातून आलेलं हे सूत्र आपल्या परंपरेत सगळीकडे बसत नाही.

पोवाड्यात शाहीर शेवटी स्वतःचं नाव घालतो. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा, हे आपल्याला त्यातूनच कळतं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा लिहिला. त्यात 'पवाडा गातो भोसल्याचा' म्हणणारा निवेदक स्वतःला जोतीराव फुले म्हणवतो आणि शूद्राचा पुत्रही म्हणवतो. राजाला 'कुळवाडीभूषण' कोण म्हणतंय याला तिथे फार महत्त्व आहे. सांगणारा अमुक ठिकाणी उभा राहून सांगतोय, हीच त्या पवाड्याची ताकद. तिथे कवी आणि निवेदक वेगळे काढत बसलात तर हाती भुसा राहील.

उलट टोकाला नाथांची भारुडं. 'सत्त्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला' यात बोलणारी सून आहे. सासरा, सासू, नणंदेचं कार्टं अशी एकेकाची वाट लावून घ्यायला ती देवीला साकडं घालते. आणि शेवट:

एका जनार्दनी सगळेंचि जाऊं दे ।
एकलीच राहूं दे मला ॥

'एका जनार्दनी' ही एकनाथांची नाममुद्रा, पुरुषाची. लगेच 'एकलीच', स्त्रीलिंगी, सुनेचं. एकाच दमात दोन बोलणारे, मध्ये टाचणीएवढीही फट नाही. आध्यात्मिक अर्थ उलगडतो तो त्या सांध्यात: ज्यांचा नाश मागितला ते विकार, आणि एकटं राहायचंय ते जिवाला. निवेदक कोण याचं उत्तर इथे "दोघं" असंच द्यावं लागतं. मुलांना एकच नाव लिहायची सक्ती करू नका.

आणखी एक. टोपणनाव म्हणजे निवेदक नव्हे. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून लिहीत. गोविंदाग्रज हे कवीचंच नाव. 'राजहंस'मधला सांगणारा गोविंदाग्रज आहे, असं कुणी म्हणालं तर प्रश्न फक्त एक पायरी मागे ढकलला गेला.

---

ओवीछंद (नौपाडा)

वाघबीळ, मान्य. पवाड्याबाबत तर शंभर टक्के. माझं म्हणणं इतकंच की ते दोघं एक आहेत हेही कवितेतूनच दाखवता आलं पाहिजे, आधी गृहीत धरून नाही. फुल्यांच्या पवाड्यात ते दाखवता येतं.

'राजहंस'ची गंमत अशी की तिची सुरुवातच तुमच्या धाग्याच्या शीर्षकाने होते: 'हें कोण बोललें बोला?' हा प्रश्न निवेदकाचा. 'राजहंस माझा निजला' हे उत्तर आईचं, तिच्या शब्दांत. त्यानंतर निवेदक त्या नवविधवा आईची ओळख करून देतो आणि तिथे एकदा 'मी' म्हणतो. पुढे तो बाजूला होतो आणि आई बोलत राहते. मूल गेलंय हे आजूबाजूच्यांना कळलंय, निवेदकाला कळलंय, वाचकाला कळलंय. फक्त ती 'निजला' म्हणते आहे. तिचं प्रत्येक वाक्य खोटं आहे आणि एकही खोटारडेपणाचं नाही. सुरुवातीला बाहेरचा निवेदक ठेवला नसता तर वाचकाला सत्य कळायला उशीर झाला असता आणि सगळं लक्ष कोडं सोडवण्यात गेलं असतं. त्या एका निवेदकाने कोड्याचं काम आधीच उरकून टाकलं.

वाचताना निवेदकाला रडू देऊ नका. तिथेच ही कविता पडते.

---

कोपरीकट्टा (ठाणे पूर्व)

सगळ्यांचे आभार. 'कणा'चा 'हात कुणाचा' हा प्रश्न घरात विचारून पाहिला, लगेच वाद सुरू झाला, म्हणजे चालेल.

आता आगगाडीचं. आमच्याकडे माहिती अशी आहे: १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून सुटली, २१ तोफांची सलामी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहेब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, अंतर ३४ किलोमीटर. यातलं सगळं कवितेत यावं अशी ज्येष्ठांची इच्छा. कुणाच्या तोंडून सांगावं?

---

झीलकरी (कळवा)

सगळं यावं ही इच्छा असेल तर निवेदक ठरूनच गेला: सर्वज्ञ, नाव नसलेला, ग्रंथातल्या ओवीचा. तो बोरीबंदरलाही असतो आणि ठाण्यालाही.

साडेतीनाची ती वेळ । चौदा डब्यांची ती माळ ।
पुढे धुराचा कल्लोळ । ठाण्या निघे ॥

पहिले तीन चरण आठ-आठ अक्षरांचे आणि यमकाचे, चौथा चार अक्षरांचा, मोकळा. ग्रंथातल्या ओवीत अक्षरांची इतकी काटेकोर मोजणी नसते, पण नवशिक्यांसाठी ८-८-८-४ हा साचा बरा, ओळी पसरत नाहीत. आकडे, नावं, तोफा, सगळं यात मावतं. धोका एकच: अशा वीस ओव्या झाल्या की ते सरकारी पत्रक होतं. प्रत्येक ओवीला एकच आकडा ठेवा. आर्येच्या वाटेला जाऊ नका. १२-१८-१२-१५ मात्रा सांभाळताना माणसं गोष्ट विसरतात. साकी जमेल, तिच्या २८ मात्रा १६ आणि १२ अशा फुटतात आणि चालीवर बसतात.

आता हीच घटना ठाण्यात माळावर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी द्या, जात्यावरच्या ओवीत:

माळाच्या पल्याड, धूर दिसतो गं बाई
आत्याबाई म्हणे, आग लागली की काई

बघा काय काय गळालं. साडेतीन गेले, तिच्याकडे घड्याळ नाही. चौदा गेले, डबे अजून दिसलेच नाहीत. तोफा गेल्या, ३४ किलोमीटरवरच्या सलामीचं तिला काय! उरला धूर. आणि आगगाडी पाहिलेली नसलेल्या माणसाला धुराचा पहिला अर्थ काय लागेल, ते आलं, जे वरच्या ओवीत येऊच शकत नव्हतं. समासातला चौथा प्रश्न इथे रचणाऱ्याच्या बाजूने विचारायचा: हिला हे कळलं कसं?

नेहमी फसतं ते इथेच. बाईचा आवाज धरायचा आणि तिसऱ्या ओवीत तिच्याच तोंडून "एकवीस तोफा धडाडल्या" म्हणायचं. सात-आठ जणांनी मिळून रचताना तर हे होणारच, कारण प्रत्येकाला आपली माहिती घुसवायची असते. उपाय सोपा आहे. रचायला बसण्याआधी कागदावर दोन रकाने करा: 'हिला दिसतं' आणि 'हिला दिसत नाही'. ४०० पाहुणे दुसऱ्या रकान्यात (गर्दी पहिल्या, आकडा दुसऱ्या). दुसऱ्या रकान्यातली गोष्ट हवीच असेल तर ती कुणीतरी येऊन सांगावी लागेल.

आणखी एक फसगत: खाडीवरच्या पुलावरून गाडी आणू नका. पहिली गाडी ठाण्यालाच थांबली, कल्याणकडे रूळ नंतर गेले. बाईने मुंबईच्या दिशेला बघायचंय.

काळही एकच धरा. 'दिसतो' ने सुरुवात केली तर पुढच्या ओव्या 'आली, थांबली, उतरले' अशा सहज घसरतात. घसरायला हरकत नाही, पण शेवटच्या ओवीत परत वर्तमान आणलात तर ऐकणाऱ्याला ठेच लागते. पोवाड्यात शाहीर भूतकाळातून वर्तमानात मुद्दाम उडी मारतो, अगदी वार व्हायच्या क्षणी. तिथे डफ आणि झीलकरी (मागे सूर धरणारे साथीदार) मदतीला असतात. कागदावर ती मदत नाही.

---

करावे_गाव

बाईच्या आवाजात रचणार असाल तर आपल्याच भागातल्या धवलारणींचे धवळे ऐका. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण विधी चालू असताना गाते. समोर जे चाललंय तेच ती गाण्यात सांगते, देवांना बोलावते, नवरा-नवरीला नावाने घेते. निवेदक म्हणून ती फार वेगळी आहे: घटना घडून गेल्यावर सांगत नाही, आणि नुसती पाहणारीही नाही. तिने गायल्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. तुमच्या समासातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे "शून्य वेळाने" असं येतं.

महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. तिथे लग्न पुराणातलं आणि गाणारी तेराव्या शतकातली, म्हणून अंतर आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. आगरी बोलीचं सोंग मात्र करू नका. बोली येत नसेल तर साधं मराठी लिहा, बाई खोटी वाटणार नाही.

---

नेरूळ_सेक्टर_दहा

आवाजांचं राहिलंच होतं.

सव्वा तासात चार कविता आणि रचना म्हणजे घाई होईल. गीतरामायणाची दोनच पदं ठेवा, पहिलं आणि शेवटचं. ५६ पदांची ही मालिका १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून झाली, तेव्हा वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक होते. पुढे सुधीर फडके एकटे सगळी पदं गायचे आणि तरी कोण बोलतंय हे श्रोत्याला कळायचं. कारण माडगूळकरांनी ते शब्दांतच केलंय: 'दशरथा, घे हे पायसदान', 'थांब सुमंता, थांबवि रे रथ'. पहिल्या ओळीतच संबोधन. ऐकणारा कळला की बोलणारा आपोआप कळतो.

पहिल्या पदात कुश-लव रामासमोर रामायण गातात. म्हणजे पुढची सगळी पात्रं त्या दोन मुलांच्या गाण्याच्या आत आहेत आणि ऐकायला खुद्द नायक बसलाय. शेवटच्या पदात वाल्मीकी मुलांना गायला सांगतो. काळाने पाहिलं तर ते पद पहिल्याच्या आधीचं! ही दोन पदं फक्त वाचून दाखवली तरी पंधरा मिनिटांची चर्चा होते.

वाचनासाठी जास्तीत जास्त दोन आवाज. एक निवेदक, दुसरा बाकी सगळ्यांचा. पात्रागणिक माणूस दिलात की नाटकाची तालीम होते आणि निवेदक आपोआप सूत्रसंचालक बनतो. निवेदकाकडून पात्राकडे जाताना एक पूर्ण श्वास थांबायचं, परत येताना अर्धा. 'कणा' एकाच आवाजात वाचा, कारण ते सगळं सरांच्या आठवणीतून येतंय. दीड मिनिटात होते, दोनदा वाचा. 'कठिण समय' ही ओळ निवेदकाने वर बघून, श्रोत्यांकडे पाहून म्हणायची. हंसाची कडवी नळाकडे बघून.

---

कोपरीकट्टा (ठाणे पूर्व)

ठरलं, माळावरची बाई. पण आमचे एक काका इंजिनांच्या नावांवर अडून बसलेत. साहेब-सिंध-सुलतान आल्याशिवाय कविता ठाण्याची होणार नाही म्हणतात. बाईला नावं कळणार कशी?

---

झीलकरी (कळवा)

काकांना नाराज करू नका. गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांचं बोलणं तिच्या कानावर पडू दे. नेरूळकरांनी सांगितलेलं 'म्हणे' लावलं की काम झालं:

साहेब, सिंध, सुलतान, नावं इंजनांची म्हणे
एवढी मोठी नावं, आणि गाडीला जुंपणे

ही ओवी गाडी थांबल्यानंतरच येऊ दे, आधी नाही. आणि दुसरी ओळ काकांना म्हणू द्या.